इंग्रजींतील दोन वर्तमानकाळ : साधा कोठें व चालू कोठें ?

इंग्रजी भाषेचा अभ्यास करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस शब्दांचें स्पेलिंग कठीण वाटतें, उच्चार कठीण वाटतात, आणि शब्दयोगी अव्ययें तर फारच कठीण वाटतात. परंतु वर्तमानकाळ कठीण आहे असें म्हणणारा विद्यार्थी क्वचितच आढळतो. तो व्याकरणाच्या पहिल्या पानांवरच भेटतो, त्याचीं रूपें थोडीं, व तीं पाठ करावयास एक संध्याकाळ पुरते. पण मौज अशी कीं, जे विद्यार्थी पूर्ण भूतकाळाचीं रूपें बिनचूक लिहितात तेच ‘आय ॲम नॉट नोइंग हिज नेम’ किंवा ‘माय ब्रदर इज गोइंग टु द ऑफिस एव्हरी डे’ अशीं वाक्यें बेधडक लिहून जातात. येथें रूप चुकलेलें नसतें. रूपाची निवड चुकलेली असते. अंगरखा उत्तम शिवलेला आहे, पण ज्याला घातला त्याच्या मापाचा नाहीं, असा हा प्रकार आहे. म्हणून रूपें कशीं होतात हें थोडक्यांत सांगून, कोणतें रूप कोठें योजावें याचाच मुख्यतः विचार करण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

१. रूपें

साध्या वर्तमानकाळांत मूळ क्रियापद आहे तसेंच रहातें. मात्र कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा कोणतेंही एकवचनी नाम असेल तर क्रियापदास ‘एस्’ अथवा ‘ईएस्’ लागतो. प्रश्न व नकार ‘डू’ आणि ‘डझ’ यांच्या साह्यानें होतात. ‘डझ’ आलें म्हणजे तो ‘एस्’ त्याच्याकडे जातो व मूळ क्रियापद मोकळें होतें; ‘ही वर्क्स’ खरें, पण ‘ही डझ नॉट वर्क’.

चालू वर्तमानकाळांत ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’ यांच्यापुढें ‘आयएन्‌जी’ लावलेलें क्रियापद येतें. लिहिणें या अर्थाच्या ‘राइट’ या शब्दांतील शेवटचा ‘ई’ त्या वेळीं गळतो; ‘रन’, ‘सिट’ यांसारख्या आंखूड शब्दांत शेवटचें व्यंजन दुप्पट होतें; आणि ‘लाय’, ‘डाय’ यांतील शेवटच्या ‘आय’ व ‘ई’ या दोन अक्षरांच्या जागीं ‘वाय’ येतो. येथवर पाठांतराचें काम. यापुढें विचाराचें काम आहे.

२. घोटाळ्याचें मूळ मराठींत

दादोबा पांडुरंग यांनीं १८३६ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, आणि मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ सालीं निघाला. अशा व्याकरणांच्या परंपरेंत वाढलेला आपला विद्यार्थी मराठीचे काळ ओळखतो. पण मराठी घर व इंग्रजी घर यांचे दरवाजे समोरासमोर नाहींत, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

मराठींत आपण तीन प्रकारें बोलतों : ‘मी जातों’, ‘मी जात आहें’ आणि ‘मी जात असतों’. इंग्रजींत या तिहींसाठीं दोनच रूपें आहेत. ‘जात असतों’ यास रीतिवर्तमानकाळ म्हणतात; त्यांत नेहमींची रीत सांगितलेली असते. परंतु त्यांतील ‘जात’ हें पद ‘जात आहें’ यांतल्यासारखेंच दिसत असल्यामुळें विद्यार्थी फसतो, आणि ‘तो दररोज फिरावयास जात असतो’ याचें भाषांतर ‘ही इज गोइंग फॉर अ वॉक एव्हरी डे’ असें करतो. रीत आली कीं इंग्रजींत साधा वर्तमानकाळ : ‘ही गोज फॉर अ वॉक एव्हरी डे.’

उलट बाजूनेंही घोटाळा होतो. मराठींतील ‘मी जातों’ हें साधें रूप पुष्कळदां या क्षणाचें काम करतें. मूल दप्तर उचलून ‘आई, मी शाळेंत जातों’ म्हणतें, तेव्हां तें आपली संवय सांगत नाहीं; निघाल्याची वर्दी देतें. इंग्रजींत येथें ‘आय ॲम गोइंग टु स्कूल’ असें म्हणावें लागेल. याहून चांगलें उदाहरण ‘काय करतोस ?’ या प्रश्नाचें. हातांत कांहीं खटपट चालली असतां हा प्रश्न केला तर इंग्रजींत ‘व्हॉट आर यू डूइंग ?’ असें होतें. तोच प्रश्न ‘व्हॉट डू यू डू ?’ असा केला तर विचारणारा आपला व्यवसाय पुसत असतो. अशा प्रश्नास ‘आय ॲम सिटिंग हिअर’ असें उत्तर देणारा मनुष्य व्याकरणांत नापास होत नाहीं, पण संभाषणांत मात्र होतो.

तिसरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. बसणें, निजणें, उभें रहाणें, नेसणें अशा क्रियापदांत मराठी बोलणारा पूर्ण वर्तमानकाळ वापरतो : ‘तो बसला आहे’, ‘बाळ झोंपलें आहे’, ‘तिनें हिरवें लुगडें नेसलें आहे’. मराठीचें लक्ष घडून गेलेल्या क्रियेकडे असतें, इंग्रजीचें लक्ष चालू असलेल्या स्थितीकडे. म्हणून इंग्रजींत ‘ही इज सिटिंग’, ‘द बेबी इज स्लीपिंग’, ‘शी इज वेअरिंग अ ग्रीन सारी’ अशीं चालू रूपें येतात.

३. साध्या वर्तमानकाळाचें क्षेत्र

जें नेहमीं घडतें, जें सदैव खरें असतें, किंवा जें दीर्घकाल तसेंच रहावयाचें आहे, तें साध्या वर्तमानकाळांत सांगावें. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते. समुद्रसपाटीस पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतें. माझे वडील गिरणींत काम करतात. आम्ही रविवारीं उशिरां जेवतों. या सर्वांचें इंग्रजी साध्या वर्तमानकाळांत होईल. ‘ऑल्वेज’, ‘ऑफन’, ‘यूझ्वली’, ‘नेव्हर’, ‘एव्हरी डे’ हे शब्द बहुधा याच काळाचे सोबती असतात.

कथेचा अथवा नाटकाचा सारांश सांगतांनाही हाच काळ चालतो, कारण पुस्तकांतील गोष्ट वाचावी तेव्हां पुनः तशीच घडते. तसेंच, जेथें बोलणें हेंच करणें असतें तेथेंही साधें रूपच हवें. ‘आय प्रॉमिस’ असें म्हणतांच वचन दिलें गेलें. ‘आय अपॉलोजाइज’ म्हणतांच क्षमा मागितली गेली. म्हणून अर्जांत ‘आय रिक्वेस्ट यू’ असें लिहावें. ‘आय ॲम रिक्वेस्टिंग यू’ असें लिहिण्याचें कारण नाहीं.

४. चालू वर्तमानकाळाचें क्षेत्र

जें या क्षणीं चाललें आहे, जें हल्लींपुरतें चाललें आहे, किंवा जें हळूहळू बदलत आहे, तें चालू वर्तमानकाळांत सांगावें. येथें ‘आतां’ या शब्दाचा अर्थ घड्याळाच्या काट्याप्रमाणें घेऊं नये. जेवतांना एखादा विद्यार्थी ‘आय ॲम रीडिंग अ बुक अबाउट द स्टार्स’ असें म्हणाला तर तें खोटें नव्हे. पुस्तक त्याच्या हातांत नसलें तरी वाचन सुरू होऊन अद्याप संपलेलें नाहीं, एवढें पुरे.

दोन्ही काळांतील भेद एकाच क्रियापदांत पाहावा. ‘द कृष्णा राइझेस ॲट महाबळेश्वर’ हें भूगोलाचें वाक्य आहे. कृष्णा नदी महाबळेश्वरीं उगम पावते, हें आजही खरें व उद्यांही खरें. ‘द रिव्हर राइझेस एव्हरी मॉन्सून’ हेंही शांतपणें वाचावयाचें वाक्य आहे. दर पावसाळ्यांत नदी चढते. परंतु ‘द रिव्हर इज राइझिंग’ हें वाक्य ऐकतांच ऐकणाऱ्यानें अंथरुणें व धान्य माळ्यावर टाकून मुलांसह उंच जागीं जावें. २०१९ च्या ऑगस्टांत सांगली व कोल्हापूर येथें जो महापूर आला, तो ज्यांनीं पाहिला आहे त्यांस या दोन वाक्यांतील अंतर व्याकरणापुरतें नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

घरांतील उदाहरण घ्या. ‘द चाइल्ड डझ नॉट ईट फिश’ म्हणजे मूल मासे खात नाहीं. ती त्याची नेहमींची रीत झाली. ‘द चाइल्ड इज नॉट ईटिंग’ म्हणजे मुलाचें खाणें सध्यां सुटलें आहे. पहिलें वाक्य ऐकून डॉक्टर मान डोलावील. दुसरें ऐकून तो ‘केव्हांपासून?’ असा प्रश्न करील. त्याचप्रमाणें ‘शी लिव्हज् विथ हर आँट’ म्हणजे ती मावशीच्या घरींच रहाते; ‘शी इज लिव्हिंग विथ हर आँट’ म्हणजे ती सध्यांपुरती मावशीकडे राहिली आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जांत यांपैकीं कोणतें वाक्य लिहिलें यावरून वाचणाऱ्याच्या मनांत त्या मुलीच्या घराचें निरनिराळें चित्र उभें राहील.

५. स्थितिदर्शक क्रियापदें

आतां जेथें आमचे बहुसंख्य विद्यार्थी अडखळतात तें स्थळ. कांहीं क्रियापदें क्रिया दाखवीत नाहींत, स्थिति दाखवितात. धांवणें हें थोडें झालें व थोडें राहिलें असें असूं शकतें. पण एखाद्याचें नांव माहीत असणें हें अर्धें झालें व अर्धें चाललें आहे असें होत नाहीं. तें माहीत असतें किंवा नसतें. ज्यास आरंभ, मध्य व शेवट असा प्रवाह नाहीं, त्यास ‘चालू’ म्हणतां येत नाहीं. म्हणून अशीं क्रियापदें साध्या वर्तमानकाळांत ठेवावीं. ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘अंडरस्टँड’, ‘वाँट’, ‘नीड’, ‘लाइक’, ‘ओन’, ‘बिलाँग’, ‘कन्टेन’ हीं त्यांतील नित्य लागणारीं आहेत.

आपल्या मराठींत मात्र ‘मला दिसत आहे’, ‘ऐकूं येत आहे’, ‘आठवत आहे’, ‘समजत आहे’ असें सर्रास म्हणतात, व तें शुद्धही आहे. त्याचीच छाया इंग्रजीवर पडून ‘आय ॲम सीइंग अ हाउस’, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ अशीं वाक्यें जन्मास येतात. इंग्रजींत ‘आय सी अ हाउस’ किंवा ‘आय कॅन सी अ हाउस’, आणि ‘आय डू नॉट अंडरस्टँड’ असेंच म्हणावें. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचें ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हें भाषांतर तर कटाक्षानें टाळावें. ‘आय हॅव टू ब्रदर्स’ एवढें बस आहे.

परंतु एकच शब्द कधीं स्थिति तर कधीं क्रिया दाखवितो; तेव्हां शब्दाकडे न पाहतां अर्थाकडे पाहावें. ‘हॅव’ याचा अर्थ जवळ असणें असा असेल तर तें स्थितिदर्शक. जेवण घेणें असा असेल तर ‘वी आर हॅविंग लंच’ हें अगदीं योग्य. ‘आय थिंक ही इज राइट’ यांत मत आहे. ‘आय ॲम थिंकिंग अबाउट द सम’ यांत गणिताचा विचार प्रत्यक्ष चालला आहे. ‘द बॉक्स वेज टेन किलोज’ यांत पेटीचें वजन आहे. ‘द ग्रोसर इज वेइंग द राइस’ यांत वाण्याच्या हातांत तराजू आहे.

६. भविष्याच्या सेवेस गेलेले वर्तमानकाळ

दोन्ही काळ पुढील गोष्टीही सांगतात. वेळापत्रकानें ठरलेलें असेल तर साधा : ‘द ट्रेन लीव्हज् ॲट सेव्हन.’ माणसांनीं आपसांत ठरविलेलें असेल तर चालू : ‘वी आर गोइंग टु पुणे टुमॉरो.’

आणखी एक नियम. ‘तो आला म्हणजे मी निघेन’, ‘पाऊस पडला तर खेळ होणार नाहीं’ यांतील पहिल्या भागांत मराठी भूतकाळाचें रूप घालते. इंग्रजी तेथें साधा वर्तमानकाळ घालते : ‘व्हेन ही कम्स’, ‘इफ इट रेन्स’. पुढील गोष्ट आहे म्हणून तेथें ‘विल’ घालूं नये.

७. दोन सापळे

‘आम्ही तीन वर्षें येथें रहात आहों’ हें वाक्य चालू वर्तमानकाळाचें दिसतें. पण आरंभापासून आजपर्यंतचा अवधि सांगितला कीं इंग्रजींत दोहोंपैकीं एकही काळ चालत नाहीं. तेथें ‘वी हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री यीअर्स’ असें म्हणावें लागतें.

दुसरा सापळा ‘ऑल्वेज’ या शब्दाचा. ‘ही ऑल्वेज आस्क्स क्वेश्चन्स’ म्हणजे तो नेहमीं प्रश्न विचारतो. यांत कौतुकही असूं शकेल. ‘ही इज ऑल्वेज आस्किंग क्वेश्चन्स’ म्हटलें तर बहुधा कपाळावर आठी दिसते. सारखा प्रश्नच विचारीत असतो, असा त्रासिक सूर त्यांत येतो. आपल्या गुरुजनांविषयीं लिहितांना विद्यार्थ्यांनीं हा भेद अवश्य ध्यानांत ठेवावा.

८. नियम स्थिर, पण भाषा वाहती

हे नियम सदाकाळ असेच होते असें कोणी समजूं नये. इ. स. १६०० च्या सुमाराच्या शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकांत राजपुत्र पुस्तक वाचीत असतां पोलोनिअस त्यास काय वाचन चाललें आहे म्हणून पुसतो. तेथें नाटककारानें साधें रूप योजिलें आहे. आजचा इंग्रज तेथें चालू रूपच वापरील. चालू वर्तमानकाळाचा प्रसार त्यानंतरच्या शतकांत पुष्कळ वाढला, व अजूनही वाढत आहे. मॅक्डोनल्ड्स या खाद्यगृहांच्या २००३ मधील जाहिरातींत प्रेम या अर्थाच्या स्थितिदर्शक शब्दास ‘आयएन्‌जी’ लावून ‘आय ॲम लव्हिंग इट’ असें लिहिलें गेलें, व तें जगभर लोकांच्या तोंडीं बसलें.

आपल्या देशांतील इंग्रजीविषयींही दोन शब्द. मुंबईचे इंग्रजी कवि निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) यांनीं ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेंत जागोजागीं चालू वर्तमानकाळ घालून आपल्या लोकांच्या इंग्रजीची गंमत केली आहे. ती वाचून हंसावें. पण अशा रीतीनें बोलणाऱ्या माणसास हंसूं नये. त्याची मातृभाषा त्याच्या इंग्रजींतून डोकावते, एवढाच त्याचा अर्थ. मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत, अर्जांत व परक्यास लिहिलेल्या पत्रांत सर्वमान्य रूढीच पाळावी, कारण तेथें आपला स्वर व चेहरा सोबत नसतो. अर्थाचा सारा भार शब्दांवरच पडतो.

९. निवडीची कसोटी

वाक्य लिहिण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें मनाशीं क्रमानें तीन प्रश्न करावे. पहिला : किती काळापासून हें चाललें आहे, असा अवधि सांगितला आहे काय ? असल्यास दोन्ही काळ बाजूस ठेवावे. दुसरा : ही क्रिया आहे कीं स्थिति ? स्थिति असल्यास साधा काळ घालून मोकळें व्हावें. तिसरा : क्रिया असल्यास ती नेहमींची कीं सध्यांची ? नेहमींची असेल तर साधा, सध्यांची असेल तर चालू. मराठी वाक्यांत ‘आहे’ आहे कीं नाहीं, हा प्रश्न मात्र मनांत आणूंच नये. साऱ्या चुकांचें बीज तेथें आहे.

सरावासाठीं पुढील वाक्यांचें इंग्रजी करावें व मगच उत्तरें पाहावीं : (१) माझी आजी पहांटे उठत असते. (२) हळू बोला, बाळ झोंपलें आहे. (३) हें पुस्तक माझ्या भावाचें आहे. (४) कांदे दिवसेंदिवस महाग होत आहेत. (५) मला तुझें म्हणणें समजत आहे. (६) परीक्षा सोमवारीं सुरू होते.

उत्तरें : (१) साधा, ‘गेट्स अप’, ‘असते’ ही रीत आहे. (२) चालू, ‘इज स्लीपिंग’. (३) साधा, ‘बिलाँग्ज टु’. (४) चालू, ‘आर गेटिंग’. भाव बदलत आहे. (५) साधा, ‘आय अंडरस्टँड’. (६) साधा, ‘बिगिन्स’. तें वेळापत्रक आहे.

१०. पालकांस विनंती

ज्या घरांत इंग्रजी बोललें जात नाहीं तेथील पालकांसही या अभ्यासांत भाग घेतां येईल. मुलानें मराठी वाक्य म्हटलें कीं ‘हें रोजचें कीं आजचें ?’ एवढें विचारावें. उत्तर मराठींतच द्यावयाचें असल्यामुळें त्यास इंग्रजीचें ज्ञान लागत नाहीं. आणि उत्तर बरोबर आलें म्हणजे अर्धें काम झालें.

शेवटीं एका लहानशा रूपाकडे सर्वांचें लक्ष वेधतों. ‘यू आर केअरलेस’ म्हणजे तूं निष्काळजी आहेस; हा स्वभावावर मारलेला शिक्का झाला. ‘यू आर बीइंग केअरलेस’ म्हणजे या वेळीं तूं निष्काळजीपणा करीत आहेस. हा एका वागणुकीचा दोष झाला, व तो पुढच्या घटकेस सुधारतां येतो. मधें एक ‘बीइंग’ आला, आणि कायमचें होतें तें तात्पुरतें झालें. मुलांस रागें भरण्याचा प्रसंग घरीं व शाळेंत दोन्हीकडे येतोच. त्या वेळीं आपण नेहमींचें बोलत आहों कीं आजचें, हा विचार मोठ्यांनींही करावा. मग भाषा कोणतीही असो.